खाटेखालचा डबा

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी काय केलं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे. मी चण्यांवरची अंडी मोजली. साठवलेल्या चण्याला एक तपकिरी भुंगा लागतो, आमच्या इंदूरकडे त्याला सरसकट घुन म्हणतात. त्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवते, पांढरा ठिपका, खसखशीहून लहान. आठवड्याभरात अळी साल पोखरून आत शिरते आणि महिन्याभराने दाण्याला गोल भोक पाडून नवा भुंगा बाहेर येतो. तोवर दाणा आतून रिकामा झालेला असतो. शंभर दाण्यांवर किती ठिपके, हे भिंगातून बघायचं, वहीत लिहायचं, पुढची बरणी ओढायची. संध्याकाळी टेंपोतून घरी जाताना समोरच्या बाईच्या साडीवरचे ठिपकेसुद्धा मी मोजायला लागायचे. संशोधन म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर उगाच आदर येतो. मला मिळालेली खोली उत्तरेच्या कोपऱ्यात होती, तिला एकच खिडकी होती आणि तिच्या फुटक्या काचांवर जुने पेपर चिकटवलेले होते. त्यातल्या एका पेपरातली मंगळसूत्राची जाहिरात मला अजून पाठ आहे.

मी तिथे मोठ्या ओढीने गेले नव्हते. एम.एस्सी.ला मार्क चांगले पडले होते, नोकरी कुठे दिसत नव्हती, आणि घरी बसले असते तर स्थळं बघायला सुरुवात झाली असती. कॉलेजातले व्यास सर म्हणाले, "पीएचडी कर लो, बेटा, मेरे पास एक सीट है," मी हो म्हटलं. सरांना निवृत्त व्हायला थोडीच वर्षं उरली होती आणि त्यांच्या हाताखाली यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, हे मला नंतर कळलं. सर उंच होते, मानेतून वाकलेले, बाराही महिने राखाडी सफारीत. त्यांचा सगळा जीव एका झुडपात होता. बेशरम म्हणतात त्याला. माळव्यात नाल्यांच्या काठी, रेल्वेलाइनीच्या कडेला, जिथे दुसरं काही उगवत नाही तिथे ते उगवतं, फिकट जांभळी फुलं येतात, तोडलं तरी पुन्हा फुटतं. सर म्हणायचे, "जिसको गाय मुँह नहीं लगाती, उसको कीड़ा क्यों लगाएगा?" या एका वाक्यावर त्यांनी वीस वर्षं घालवली होती. बेशरमची पानं सावलीत वाळवायची, त्यांची पावडर करायची, ती चण्यांना चोळायची, मग घुन लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आधीच्या विद्यार्थ्यांचे आकडे कधी असे यायचे, कधी तसे. दोघं मध्येच सोडून गेले होते. बाकीचे प्राध्यापक पाठीमागे त्यांना 'बेशरम सर' म्हणायचे, आणि पाठीमागे म्हणजे फार लांबून नाही. आमच्या गल्लीतही ती बातमी पोचली होती. समोरच्या काकू मला थांबवून म्हणायच्या, "वंदू, बेशरमवर पीएचडी करायला कॉलेजात कशाला जातेस गं? आपल्या मोहल्ल्यात काय कमी आहेत?"

आम्ही बंद पडलेल्या मिलच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, वर चार बिऱ्हाडांची मिळून एक गच्ची. बाबा मिलच्या ऑफिसात क्लार्क होते. मिल बंद झाल्यावरही ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पोहे खाऊन, डबा न घेता निघायचे आणि वाचनालयात जाऊन बसायचे. एक वाजता जेवायला यायचे. घर चालायचं ते आईच्या धान्यावर. होळी झाली की आमच्याकडे पोती यायला लागायची. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेली बँकेतली, कंपन्यांतली मराठी कुटुंबं, ज्यांच्या बायका नोकरीला, ती वर्षाचे गहू, तूर, मूग आईकडे टाकायची. आई ते गच्चीवर वाळवायची, पाखडायची, खडे काढायची, एरंडेल लावायची आणि मजुरी घेऊन परत करायची. चैत्रापासून आषाढापर्यंत आमच्या घरात दुसरा आवाज नसायचा. सुपाची थाप, मग दाणे सरकल्याची सर्र, पुन्हा थाप. मी त्या आवाजात अभ्यास केला, बाबा त्या आवाजात झोपले, पाहुणे त्या आवाजात चहा प्यायचे. गव्हाची धूळ सगळ्यावर असायची, उशीवर, पुस्तकांवर, पोह्यांवर टाकायच्या जिरावण मसाल्याच्या बाटलीवर. आणि त्या सगळ्यावर एरंडेलाचा वास. जड, किंचित आजारी वास. बाहेरच्यांना तो लगेच कळायचा, आम्हाला मात्र कधीच येत नसे. आई तेल धान्यावर कधी ओतायची नाही. चार थेंब तळव्यावर, तळवे एकमेकांवर, मग दोन्ही हात धान्यात कोपरापर्यंत. मला लहानपणी तिने शिकवायचा प्रयत्न केला होता. "तेल दाण्यावर दिसलं तर फसलं," ती म्हणायची. "हाताला कळायला पाहिजे फक्त." माझ्या हाताला कधी कळलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मी शिकून दुसरं काहीतरी करणार होते.

प्रयोगासाठी औषध न मारलेला, तेल न लावलेला, पाला न घातलेला चणा हवा होता. तो गौतमपुऱ्याला मिळाला, बाबांबरोबर मिलमध्ये असलेल्या मोतीलालकाकांकडे. काका आता शेती बघत होते. दिवाळीनंतर तिथे बारूद भरलेली हिंगोटाची फळं पेटवून एकमेकांवर फेकतात, त्या लढाईत भाजलेला त्यांचा गाल चकचकत असायचा, आणि त्या गालाने हसत ते म्हणाले, "शेहर में पढ़ी-लिखी लड़कियाँ घुन पालती हैं क्या?" मी दोन डबे भरून चणा बसने आणला. विभागातल्या स्टोअरमध्ये उंदीर फार होते, म्हणून सर म्हणाले घरी ठेव. हेही म्हणाले की दोन्ही डबे वेगळे ठेव, एका डब्यातला चणा पावडरच्या बरण्यांसाठी आणि दुसऱ्यातला साध्या बरण्यांसाठी, म्हणजे पावडर उडून गडबड व्हायला नको. साध्या बरण्यांतल्या चण्याला काहीच लावायचं नसतं. त्याच्याशी तुलना करूनच पावडरने काही केलं की नाही हे ठरतं. आज माझ्या विद्यार्थ्याने असे दोन डबे वेगळे ठेवले तर मी त्याला आधी दोन्ही एकत्र कालवायला लावीन आणि मग वाटायला लावीन. दोन डब्यांत काय फरक आहे हे माणसाला कधीच माहीत नसतं. पण तेव्हा सर म्हणाले आणि मी केलं. खडूने एकावर 'पावडर' लिहिलं, एकावर 'सादा'. दोन्ही शेजारी मावेनात, म्हणून पावडरचा खाटेखाली गेला आणि सादा माळ्यावर.

आईला मी बजावलं, "याला हात लावायचा नाही. तेल नाही, पाला नाही, काही नाही."

"बिनतेलाचा चणा? घरात?" आईने खाटेखाली वाकून बघितलं. "आणि बाजूला कुलकर्ण्यांची तूर आहे, ती दिसते ना तुला?"

"झाकण घट्ट आहे."

"घुनला झाकण समजतं का?"

"आई, हा माझ्या पीएचडीचा चणा आहे."

"अच्छा," आई म्हणाली. "मग घुनला तसं सांगून ठेव."

मे महिन्यात मी बरण्या लावल्या. प्रत्येकीत मोजून दाणे, अर्ध्या बरण्यांत बेशरमची पावडर, अर्ध्यांत काही नाही, प्रत्येकीत भुंग्यांच्या जोड्या सोडल्या आणि तोंडाला राजवाड्याच्या बाजारातून आणलेली मलमल बांधली. खोलीत पंखा नव्हता, पंख्याने मलमल हलते म्हणून सरांनी काढवला होता. आठवड्याने पहिली सादी बरणी उघडली. दाण्यांना गोवर आल्यासारखा दिसत होता, एकेका दाण्यावर पाच-पाच ठिपके. मग पावडरची बरणी. भिंग डोळ्याला लावून मी दाणा फिरवला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. काही नाही. सगळ्या बरणीत दोन ठिपके. पुढच्या बरणीत तीन. त्याच्या पुढच्या बरणीत एकही नाही. मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी स्वतः मोजलं, सगळ्या बरण्या, दोनदा. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पेपर चिकटवलेल्या खिडकीकडे तोंड केलं. "देखा?" ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला पोहे-जलेबी मागवली. त्यांना 'बेशरम सर' म्हणणारे सगळे आले, शेव घालून घालून पोहे खाल्ले आणि "कमाल कर दिया, सर" म्हणाले. सरांनी त्याच आठवड्यात शेजारच्या शहरातल्या एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला. त्यांचं नाव आणि त्याखाली माझं. मी वाचणार होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण योग्य खोलीत बसलो आहोत.

आमच्या विभागात मांगीलालजी नावाचे अटेंडंट होते. प्रयोगातून उरलेला चणा ते लोखंडी झाकणावर, हॉट प्लेटवर भाजायचे आणि जिरावण टाकून दुपारच्या चहाबरोबर खायचे. हा त्यांचा हक्क सगळ्यांना मान्य होता. परिषदेला तीन आठवडे होते त्या दिवशी त्यांनी पावडरच्या डब्यातला, पावडर न लावलेला शिल्लक चणा भाजायला घेतला. झाकण तापलं, चणे तडतडले आणि मांगीलालजींनी नाक वर केलं.

"बेनजी," ते म्हणाले, "इन चना में तो अरंडी की बास अई री है. डोकरी का हाथ को चना लगे है."

कुणा म्हाताऱ्या बाईच्या हातचा चणा वाटतोय, असं ते म्हणत होते. गंमत करत होते. मी हसले नाही. मी खाली वाकून वास घेतला, आणि मला नेहमीप्रमाणे काहीच आला नाही. तेव्हा मी दोन फिल्टर पेपर घेतले, एकावर पावडरच्या डब्यातला मूठभर चणा गरम करून ठेवला, दुसऱ्यावर साध्या डब्यातला, वर वजन ठेवलं आणि वाट बघितली. साध्याचा कागद कोरा राहिला. दुसऱ्या कागदावर प्रत्येक दाण्याच्या खाली एक पारदर्शक ठिपका उमटला होता. कागद खिडकीशी धरला तर मागची मंगळसूत्राची जाहिरात त्यातून दिसत होती.

घरी गेले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि आई गच्चीवर कुणाचेतरी मूग पाखडत होती. शेजारच्या गच्चीवर बायका पापड उचलत होत्या. मी वर जाऊन सरळ विचारलं, "आई, खाटेखालच्या डब्याला हात लावलास?"

सूप थांबलं नाही. "लावला ना. चैत्रातच. तू कॉलेजात होतीस."

"तेल?"

"मग काय अत्तर?"

"मी नाही म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. आणि तुझं ते घट्ट झाकण वाकडं होतं. दोन घुन मी स्वतः भिंतीवरून काढले. कुलकर्ण्यांच्या तुरीला लागले असते तर पुढच्या साली कोणी दारात पोतं टाकलं असतं का? फालतूची बदनामी. तुझे बाबा तर पेपर वाचतात."

"आणि माळ्यावरचा?"

"माळ्यावर चढायला गुडघे कुठे आहेत मला? तो वर होता, राहून गेला."

मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकत होती, आणि ती मूर्ख नव्हती, लगेच समजली. "मतलब, जिथे तेल होतं तिथे घुन नाही लागले."

"हो."

"आणि त्या बेशरमने काहीच नाही केलं."

"माहीत नाही. आता काहीच माहीत नाही."

"मग मला विचारायचं होतंस," आई म्हणाली, आणि तिला हसू आलं. "मी फुकट सांगितलं असतं."

तिने ते चिडवायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच मजा वाटली होती, थोडा अभिमानही वाटला असेल. मला ते आज दिसतं. त्या वेळी मला फक्त तिचं हसणं दिसलं आणि मी ओरडले. मी म्हटलं, तू अडाणी आहेस. म्हटलं, जिथे कळत नाही तिथे ते तेलकट हात घालत जाऊ नकोस. यापुढे माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, कुठल्याच. शेजारच्या गच्चीवरच्या बायका पापड हातात धरून उभ्या राहिल्या होत्या. आईने सूप खाली ठेवलं. पदराने आधी उजवा हात पुसला, मग डावा, तळवे आणि मग मागची बाजू, सावकाश.

"बरं," ती म्हणाली.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पिठलं-भात खात होते. त्यांनी घास खाली ठेवून विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, कुणालाच नाही. त्यांनी भातावर पिठलं ओढून घेतलं. मग म्हणाले, "मिलचे शेवटचे तीन वर्ष आमचे सगळे रजिस्टर एकदम सुंदर होते. प्रोडक्शन बघशील तर वाटेल, मिल जोरात चालली आहे. मीच लिहायचो ते. अक्षर माझं होतं." मी सांगावं असं त्यांना म्हणायचं होतं की सांगू नये असं, हे मला आजही ठरवता येत नाही. बाबांची ती पद्धत होती, एखादी गोष्ट समोर ठेवायची आणि हात धुवायला उठायचं.

मी सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या खोलीत, दार लावून. दोन्ही फिल्टर पेपर टेबलावर ठेवले आणि आईने तेल लावल्याचं सांगितलं. सरांनी तेलाचा कागद उचलला, प्रकाशाकडे धरला. आणि बाबांनी विचारला होता तोच प्रश्न विचारला. "किस-किस को मालूम है?"

"किसी को नहीं, सर."

"मांगीलाल?"

"उन्हें सिर्फ़ बास आई थी."

सर खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं ते रागावतील, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "दोबारा लगाओ. अभी वक़्त है, अंडे गिनने के लिए दस दिन काफ़ी हैं." आणि मग, मी दारापाशी पोचल्यावर, "माताजी को कुछ मत कहना. उन्होंने तो भला ही किया." मी आधीच म्हणून बसले होते, हे त्यांना कसं सांगणार.

या वेळी मी एकाच डब्यातला चणा घेतला, माळ्यावरचा, वाटण्याआधी तीनदा कालवला. बरण्या लावल्या. ते दहा दिवस मी घरी कुणाशी फारशी बोलले नाही. दिवसभर ती खोली, संध्याकाळी सुपाची थाप. आई माझं ताट वाढून झाकून ठेवायची आणि वर निघून जायची. दहाव्या दिवशी बरण्या उघडल्या. साध्या बरण्यांत गोवर. बेशरमच्या बरण्यांत तेवढाच गोवर, एका बरणीत तर जास्तच. मी वही सरांच्या टेबलावर उघडी ठेवली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. "इस बार नमी ज़्यादा थी," ते म्हणाले. हवेतला दमटपणा तेवढाच होता, तोही त्या वहीत लिहिलेला होता. मग त्यांनी वही मिटली, माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तुम मत आओ. थक गई हो. मैं पढ़ दूँगा."

काय वाचणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. आदल्या दिवशी टेंपोत मी एक वाक्य तयार केलं होतं, तसं काही झालं तर म्हणायचं म्हणून: सर, फिर मेरा नाम हटा दीजिए. सहा शब्द. ते तोंडात तयार होते. मी त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं, मागच्या कपाटातल्या वीस वर्षांच्या वह्यांकडे बघितलं. दया आली असं लिहिणं सोपं आहे आणि थोडी आलीही होती. पण खरा हिशेब वेगळा होता. गाइड गेला की सीट गेली, सीट गेली की घर, घर की स्थळं. मी म्हटलं, "जी, सर."

सर एकटे गेले आणि वाचून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या असं त्यांनी सांगितलं. महिन्याभराने पोस्टाने प्रमाणपत्र आलं, जाड कागद, सोनेरी किनार, त्यावर माझं नाव. बाबांनी ते मला न विचारता राजवाड्याजवळच्या दुकानातून फ्रेम करून आणलं आणि धान्याच्या कोठीवरच्या भिंतीला खिळा ठोकून लावलं. सगळं माहीत असलेल्या माणसाने. आई खाली उभी राहून बघत होती.

"कागद चांगला आहे," ती म्हणाली. "तेल लागू देऊ नका."

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात विभागप्रमुखांनी त्या निबंधाचा उल्लेख केला, बेशरमचा हार घालायला हवा होता असा विनोदही केला, आणि सरही हसले. मला दुसरे गाइड मिळाले, दुसरा विषय मिळाला, तळ्यातले किडे. सहा वर्षांनी मी तो पुरा केला. सर नंतर दोन-तीनदा बाजारात भेटले. आम्ही तब्येतीविषयी बोललो. ते गेल्याचं मला उशिरा कळलं.

गेल्या वर्षी माझ्याकडे नव्यानेच आलेली एक विद्यार्थिनी कुठल्याशा लायब्ररीतून एक झेरॉक्स घेऊन आली. "मॅडम, हे तुमचंच काम आहे ना? यात रिझल्ट किती क्लीन आहे!" त्या परिषदेच्या पुस्तिकेतला तो सारांश होता, अर्धं पान. मी तिला सांगितलं की तो चुकीचा आहे, त्या चण्याला एरंडेल होतं. ती आधी हसली. मग तिने विचारलं, "मग तुम्ही वापस नाही घेतला का?" मी म्हटलं, नाही. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. पण ती त्यानंतर माझ्यासमोर आकडे ठेवताना थोडी वेगळी बसते, हे मला दिसतं. तिचं चुकत नाही. एवढी वर्षं मी तो निबंध कुठेच मोजला नाही, अर्जात लिहिला नाही, आणि यालाच मी प्रामाणिकपणा समजत होते. तर आता लिहिते: त्या निबंधातला आकडा खोटा आहे. बेशरमने काही झालं नव्हतं. जे झालं ते माझ्या आईच्या हाताने झालं होतं.

आणि त्या हाताविषयी. गच्चीवरच्या त्या संध्याकाळनंतर आईने माझ्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावला नाही. रुसून नाही. बोलायची, हसायची, टोमणे मारायची, सगळं पूर्वीसारखं. फक्त दोरीवरची माझी ओढणी पावसात भिजत असली तरी गच्चीवरून हाक यायची, "वंदू, हात लावू का?" माझं पुस्तक जमिनीवर पडलेलं असलं तरी, "उचलू का? हात लावू का?" सुरुवातीला मी चिडायचे. मग मला सवय झाली, सुपाच्या आवाजाची झाली होती तशी. गच्चीवरचं माझं ते वाक्य मी मागे घेतलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मुद्दाम विषय काढायचा म्हणजे अवघड वाटायचं, आणि आम्हा दोघींना असलं बोलायची सवय नव्हती.

लग्न झालं, मुलगी झाली. बाळंतपणाला मी त्याच क्वार्टरमध्ये आले, चैत्रच होता, खोलीत पोती लागली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी रडत होती आणि मला उठवत नव्हतं. आई धान्यातून उठून आली आणि पाळण्यापासून हातभर लांब उभी राहिली.

"हात लावू का?"

"अगं, विचारतेस काय? घे तिला," मी म्हटलं.

ती मोरीत गेली. साबणाने हात धुतल्याचा आवाज आला, पाणी थांबलं, मग पुन्हा साबण, पुन्हा पाणी. मुलगी रडून रडून लाल झाली होती. आई पदराने हात पुसत बाहेर आली, आधी उजवा, मग डावा, तळवे आणि मग मागची बाजू, आणि दोन्ही हात उलटेसुलटे करून तिने आधी मला दाखवले.